चाळीस वर्षं दात घासतेय, आणि तरीही नापास

पानगळ | सोमवार, रात्री ९:५२

परवा वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी दात घासायची परीक्षा दिली आणि सपशेल नापास झाले.

झालं असं, की गेले काही महिने ब्रश करताना थुंकीत लाल रेघ दिसायची. त्यावर मी माझ्या अकलेने तीन उपाय केले. पेस्ट बदलली, मऊ ब्रश आणला आणि जिथून रक्त येतंय तिथे घासणं जवळजवळ सोडून दिलं. रेघ वाढतच गेली. शेवटी दंतवैद्यांकडे गेले. त्यांनी तोंडात डोकावून पाहिलं, काही बोलले नाहीत, कोरा ब्रश हातात दिला आणि म्हणाले, "घरी घासता तसेच घासून दाखवा."

परक्या माणसासमोर दात घासणं किती लाजिरवाणं असतं हे केल्याशिवाय कळायचं नाही. तरी घासले, चांगले मन लावून घासले.

मग त्यांनी रंगाची एक गोळी चघळायला दिली. ती लाळेत कालवून तोंडभर फिरवायची, थुंकायचं, एकदा हलकी चूळ भरायची. स्वच्छ दाताला तो रंग धरत नाही. दातावर जंतूंचा जो चिकट थर असतो त्याला धरतो. ताजा थर गुलाबी दिसतो आणि दोन-तीन दिवस तसाच राहिलेला जांभळा. आरसा हातात आला आणि मी गार पडले. पुढचे दात मोत्यासारखे. पण हिरडीच्या कडेकडेने जांभळी रेघ, वहीला समास आखावा तशी. खालच्या पटाशीच्या दातांची आतली बाजू जांभळी. वरच्या डावीकडच्या शेवटच्या दाढेची गालाकडची बाजू तर कुणी दौत लवंडल्यासारखी!

घरी येऊन हिशोब केला. दिवसातून दोनदा म्हणजे वर्षाला ७३० वेळा, चाळीस वर्षांत २९ हजारांच्या वर. इतक्या वेळा ब्रश तोंडात गेला आणि दर वेळी तीच ती जागा सोडून बाहेर आला. आळस म्हणावा तर तोही नाही. हाताला लागलेली वाट आहे, तो तिनेच जातो.

तुम्ही कसे घासता? कुणी शिकवलं होतं का? की सगळेच माझ्यासारखे स्वयंभू?

---

खवचट | सोमवार, रात्री १०:१५

सायकल शिकवतात, पोहायला शिकवतात, बुटाची नाडी बांधायला शिकवतात. दात घासायचं म्हटलं की हातात ब्रश देऊन "जा, घासून ये" एवढंच. मी तरी दारावर सँडपेपर मारावा तसे आडवे घासतो. वर्षाला सहा ब्रश लागतात. आता तुमचा धागा वाचून आरशात बघायची भीती वाटतेय.

---

शून्यप्रहर | सोमवार, रात्री १०:४०

मला हे सगळं जरा अतीच वाटतं. जंगलातले प्राणी कुठे ब्रश करतात? आदिमानव कुठे करत होता? पेस्ट आणि ब्रश विकणाऱ्यांनी लावून दिलेली सवय आहे ही. हिरड्यांतून रक्त येतं कारण आपण नको तितकं घासतो. मी दिवसातून एकदाच घासतो, मस्त चाललंय.

---

कृष्णविवर | मंगळवार, सकाळी ७:०५

सदस्यनाम कशावरून घेतलंय ते ओळखलं असेलच. बावीस वर्षं लोकांच्या दाढांतली विवरं बुजवतोय.

@शून्यप्रहर, कुत्र्यामांजरांना हिरड्यांचे आजार भरपूर होतात. पशुवैद्यांना विचारा, भूल देऊन दात साफ करावे लागतात. आदिमानवाचं म्हणाल तर उत्खननात सापडलेल्या कवट्यांच्या दातांवर किटणाचे जाड थर असतात. इतके जाड, की हल्ली त्यातून त्या काळच्या जंतूंचा डीएनए काढून अभ्यास करतात. कीड मात्र पूर्वी कमी दिसते हे खरं. शेती आली, पिठूळ खाणं आलं तशी ती वाढली, आणि साखर स्वस्त झाल्यावर तर विचारू नका. म्हणजे तुमच्या आदिमानवाकडे ब्रश नव्हता, पण दिवसातून सहा वेळा गोड चहाही नव्हता.

@पानगळताई, तुमचा तो हाताच्या वाटेचा मुद्दा लाखातला आहे. माझ्या खुर्चीत बसणाऱ्या बहुतेकांना वाटतं, दात घासणं म्हणजे दात चकचकीत करणं. त्यामुळे ब्रश फिरतो दाताच्या पोटावर, जिथे गाल, ओठ आणि जीभ आधीच थोडीफार सफाई करत असतात. आजार सुरू होतो दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर. तिथे एक बारीक खाच असते, निरोगी तोंडात दोन-तीन मिलिमीटरपर्यंत खोल. थर बसतो त्या खाचेच्या तोंडाशी.

म्हणून ब्रश असा धरा, की केसांची टोकं हिरडीच्या कडेवर तिरकी टेकतील, साधारण ४५ अंशांत. वरच्या दातांना टोकं वरच्या दिशेने, खालच्यांना खाली. मग जागच्या जागी अगदी लहानशी थरथर द्यायची, दोन दातांपलीकडे ब्रश सरकवायचा नाही. दहाएक वेळा झाली की मनगट वळवून ब्रश हिरडीकडून दाताच्या टोकाकडे झाडायचा आणि पुढच्या दोन दातांवर जायचं. आधी सगळी बाहेरची बाजू, मग सगळी आतली, शेवटी चावायचे सपाट भाग. पटाशीच्या दातांची आतली बाजू करताना ब्रश उभा धरायचा, नाहीतर तो तिथे मावतच नाही.

ही पद्धत ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते चार्ल्स बास अमेरिकेतले वैद्यकीय डॉक्टर, दंतवैद्य नव्हेत. मलेरियाचे जंतू प्रयोगशाळेत वाढवण्यावर त्यांनी आधी काम केलं होतं. निवृत्तीनंतर दातांकडे वळले आणि ब्रशच्या केसांची जाडी किती असावी, टोकं गोलाई दिलेली का हवीत, इथपर्यंत सगळं मोजत बसले. दातांच्या वाट्याला असे चिकट अभ्यासक कमी आलेत.

जोर किती लावायचा? ब्रश मुठीत धरू नका, पेनासारखा बोटांत धरा. जोर आपोआप कमी होतो.

@खवचट, वर्षाला सहा ब्रश? केस दोन महिन्यांत फिसकारत असतील तर तुम्ही दात घासत नाही, त्यांच्यावर सूड उगवताय. साधारण तीन ते चार महिने टिकायला हवा. अशा घासण्याने हिरडी मागे सरते, मुळाचा भाग उघडा पडतो आणि तिथे दाताला पाचर मारल्यासारखी खाच पडते. मग गार पाणी प्यायलं की जी कळ जाते ती थेट मेंदूत.

---

खवचट | मंगळवार, सकाळी ७:२२

उजव्या सुळ्याजवळ खाच आहे. गार पाण्याची कळही आहे. आता यापुढे मी या धाग्यावर विनोद करणार नाही.

---

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, सकाळी ११:३०

@शून्यप्रहर यांच्या "रक्त जास्त घासण्याने येतं" या मुद्द्यावर एक जुना प्रयोग सांगतो. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत एकूण एक सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. मग त्यांना ब्रश परत दिला, आणि साधारण आठवडाभरात हिरड्या पूर्ववत. त्याआधी हिरड्यांच्या आजाराची कारणं म्हणून काय काय सांगितलं जायचं! या एका प्रयोगाने बोट थेट त्या चिकट थराकडे वळवलं.

म्हणजे पानगळ यांनी रक्त येतं म्हणून तिथे घासणं सोडलं, ते नेमकं उलटं झालं. थर राहिला म्हणून सूज, सूज म्हणून रक्त, रक्त आलं म्हणून घासणं बंद, की थर आणखी वाढला.

अजून एक आवडता किस्सा. हॉलंडमधला कापडाचा व्यापारी लेव्हेनहूक, ज्याने स्वतः घासलेल्या भिंगांतून जंतू पहिल्यांदा पाहिले. १६८३ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं, त्यात स्वतःच्या दातांच्या फटीतला पांढरा लगदा भिंगाखाली ठेवून पाहिल्याचं वर्णन आहे. गडी रोज मिठाने दात चोळायचा, काडीने कोरायचा, कापडाने पुसायचा. आपले दात इतरांपेक्षा स्वच्छ आहेत असं त्याचं मत होतं, आणि ते खरंही असावं. तरी फटीत हा लगदा होताच, आणि त्यात वळवळणारे जीव! पानगळताई, तुमच्या परीक्षेत नापास होणारे पहिले गृहस्थ हेच.

---

शून्यप्रहर | मंगळवार, दुपारी १:१०

प्रयोगाचं पटलं. एकदाच घासण्याचं काय मग? थर तयार व्हायला वेळ लागतो ना?

---

कृष्णविवर | मंगळवार, दुपारी २:४५

प्रामाणिक उत्तर असं, की घाईने दोनदा घासणाऱ्यापेक्षा कोपरा न् कोपरा नीट घासणारा एकदावाला बरा. पण असे एकदावाले मला फार भेटत नाहीत. आणि दुसऱ्यांदा घासायचं ते फक्त थर काढायला नाही, पेस्टमधलं कीड रोखणारं फ्लोराइड दातांपर्यंत पोचवायलाही.

एकदाच घासायचं तर रात्री. दिवसभर लाळ आपली पहारेकरी असते. दिवसाला अर्धा ते दीड लिटर तयार होते, आम्ल धुते, दाताला कॅल्शियम परत देते. झोपेत हा पहारेकरीही झोपतो, लाळ जवळपास थांबते. गोड खाऊन न घासता झोपणं म्हणजे चोराला घराची किल्ली देणं.

साखर खाल्ल्यावर थरातले जंतू मिनिटाभरात कामाला लागतात आणि आम्ल तयार करतात. दातावरचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या आसपास खाली गेला की दाताच्या कवचातली खनिजं विरघळायला लागतात. परत वर यायला अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त. म्हणून एका बैठकीत दोन पेढे खाल्लेले दाताला परवडतात, पण तेच दोन पेढे दिवसभर कुरतडत बसलात तर दात सतत आम्लात. मी लोकांना किती गोड खाता असं विचारतच नाही. किती वेळा, ते विचारतो.

---

निवांत | मंगळवार, रात्री ८:३०

घासून झाल्यावर चूळ भरायची नाही असं कुठेतरी वाचलं. हे खरं का? पेस्ट तोंडात तशीच ठेवायची? मला तर विचारानेच मळमळतं.

---

कृष्णविवर | मंगळवार, रात्री ९:१०

खरं आहे, आणि हे ऐकून लोक माझ्याकडे वेड्यासारखे बघतात. फेस नीट थुंकून टाका, दोन-तीनदा थुंका. पण खळखळून चुळा भरू नका. पेस्टमधलं फ्लोराइड थोडा वेळ दातावर राहायला हवं, तुम्ही भांडंभर पाण्याने ते बेसिनमध्ये पाठवता. पहिला आठवडा विचित्र वाटतं, मग सवय होते. अगदीच जमत नसेल तर एक छोटा घोट, एकदा फिरवून थुंका.

माउथवॉश वापरणाऱ्यांनी तो ब्रशनंतर लगेच वापरू नये. बहुतेक माउथवॉशमध्ये पेस्टपेक्षा कमी फ्लोराइड असतं, म्हणजे भारी देऊन हलकं घेतल्यासारखं. दुपारी वापरा. आणि क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक असलेला माउथवॉश सांगितलेल्या दिवसांपुरताच. तो महिनोन्महिने वापरून दात तपकिरी झालेले, तोंडाची चव गेलेले लोक माझ्याकडे येतात.

---

शून्यप्रहर | मंगळवार, रात्री ९:४५

फ्लोराइड विषारी आहे असं ऐकलंय. पाण्यात जास्त असलं की दात खराब होतात ना? मग तेच पेस्टमध्ये कशाला?

(होय, मी अजून इथेच आहे. दात मात्र आज दोनदा घासलेत.)

---

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, रात्री १०:२०

दोन्ही खरं आहे, आणि गंमत म्हणजे दोन्हींचा शोध एकाच वाटेने लागला. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावात फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य १९०१ मध्ये गेला, तर तिथे वाढलेल्या कित्येकांच्या दातांवर तपकिरी डाग. कारणाच्या मागे तो तीस वर्षं लागला. मधेच त्याच्या लक्षात आलं, की हे डागाळलेले दात फारसे किडत नाहीत. १९३१ मध्ये पाण्याच्या तपासणीतून उत्तर मिळालं, पाण्यातलं जास्तीचं फ्लोराइड. मग प्रश्न असा, की डाग पडणार नाहीत पण कीड थांबेल इतकं थोडं किती? १९४५ साली ग्रँड रॅपिड्स शहराने पाण्यात मोजून फ्लोराइड घालायला सुरुवात केली ती या शोधातून.

मात्रेचा खेळ आहे सगळा. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला १.५ मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली आहे. पेस्ट आपण गिळत नाही, थुंकतो. मोठ्यांच्या पेस्टवर फ्लोराइड १००० ते १५०० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग) असं लिहिलेलं असतं, ते बघून घ्यायचं. बाकी वेष्टनावरच्या चकचकीत शब्दांकडे काणाडोळा केला तरी चालतं.

---

चिमणदात | बुधवार, सकाळी ६:१८

लेक उठायच्या आत लिहून घेते. सहा वर्षांची आहे. "दुधाचेच दात, पडणारच आहेत" असं घरातले म्हणतात, मला पटत नाही. आणि तिला किती पेस्ट द्यायची? जाहिरातीत तर ब्रशभर नागमोडी काढतात.

---

कृष्णविवर | बुधवार, सकाळी ७:००

चिमणदात, आधी एक काम करा. लेक उठली की तिला "आ" करायला सांगा आणि दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे बघा. तिथे एखादी नवी मोठी दाढ डोकं वर काढतेय का?

सहाव्या वर्षाच्या आगेमागे ही पहिली कायमची दाढ येते. ती कुठलाही दात न पडता, मागच्या मोकळ्या जागेत गुपचूप येते. त्यामुळे आईबापांना वाटतं, ही पण दुधाचीच. पडणारच म्हणून सोडून देतात. मी नऊ-दहा वर्षांच्या पोरांच्या याच दाढेचं रूट कॅनाल करतो तेव्हा पालकांचा चेहरा बघवत नाही. शिवाय ती उगवताना शेजारणींपेक्षा बुटकी असते, ब्रश तिच्या डोक्यावरून निघून जातो. तिच्यासाठी ब्रश आडवा आत घालून मुद्दाम घासावं लागतं. खाचा खोल असतील तर तिच्यावर सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा लेप, भरून घेता येतं. दुखत नाही, भूल लागत नाही.

दुधाच्या दातांचं म्हणाल तर ते मागून येणाऱ्याची जागा धरून बसलेले असतात. दाढ किडून लवकर काढावी लागली तर शेजारचे सरकतात आणि नव्याला जागा उरत नाही. आणि किडलेला दुधाचा दात ठणकतो तेव्हा मोठ्यांच्या दाताइतकाच ठणकतो.

पेस्ट: पहिला दात आल्यापासून तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षं वाटाण्याएवढी. ती नागमोडी जाहिरातवाल्यांसाठी. आणि सात-आठ वर्षांची होईपर्यंत मुलांनी स्वतः घासल्यावर मोठ्यांनी एक हात फिरवायचाच. मुलाच्या मागे उभं राहा, त्याचं डोकं तुमच्या पोटाला टेकू द्या, वरून घासा. समोर उभं राहून घासण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

---

चिमणदात | बुधवार, सकाळी ७:४४

आहे! खाली दोन्हीकडे! एक अर्धी बाहेर, एकीचं नुसतं टोक दिसतंय. आणि मला पत्ताच नाही. रोज मी हिचे दात घासते हो!

---

आजोबा७१ | बुधवार, दुपारी ४:००

तुमचं सगळं ज्यांना दात आहेत त्यांच्यासाठी. आमची वर कवळी, खाली नऊ स्वतःचे. डॉक्टरसाहेब, आमच्यासाठी दोन शब्द?

---

कृष्णविवर | बुधवार, सायंकाळी ६:३५

काका, ते नऊ सोन्यासारखे जपा. वयानुसार हिरडी खाली गेली की मूळ उघडं पडतं. मुळावर दाताचं ते कठीण कवच नसतं, त्यामुळे तिथे कीड लवकर लागते. आणि रक्तदाबाची, ॲलर्जीची, नैराश्याची काही औषधं तोंड कोरडं करतात. रात्री पाणी प्यायला उठावं लागत असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला, औषध मात्र मनाने बंद करू नका.

कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची, हिरड्यांना मोकळी हवा मिळू द्यायची. पेस्टने घासायची नाही, ओरखडे पडतात आणि त्यात घाण बसते. साधा सौम्य साबण आणि मऊ ब्रश. उकळतं पाणी नको, आकार बिघडतो. आणि धुताना बेसिनमध्ये थोडं पाणी भरून ठेवा, हातातून निसटली तर फुटत नाही.

मधुमेह आहे का? असेल तर हिरड्यांवर दुप्पट लक्ष. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं.

---

आजोबा७१ | बुधवार, रात्री ८:०२

आहे. पंधरा वर्षं. आणि कवळी आजवर पेस्टनेच घासत आलो, चांगली दाबून. धन्यवाद.

---

निवांत | गुरुवार, सकाळी ८:५०

विजेवर चालणारा ब्रश घ्यावा का? आणि फ्लॉसचा दोरा माझ्या बोटांना जमतच नाही. दोन्ही बोटं निळी पडतात आणि दोरा तिसऱ्याच दातात अडकतो.

---

सूक्ष्मदर्शी | गुरुवार, सकाळी १०:१५

ब्रशबद्दल कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा २०१४ चा आढावा आहे. तीन महिन्यांहून जास्त वापरल्यावर साध्या ब्रशपेक्षा थर २१ टक्के आणि हिरड्यांची सूज ११ टक्के कमी. फायदा आहे, पण चमत्कार नाही. माझ्या मते त्याची खरी गंमत म्हणजे त्यातलं घड्याळ. दोन मिनिटं किती मोठी असतात हे ते वाजेपर्यंत कळत नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, बिघडलंय.

---

कृष्णविवर | गुरुवार, दुपारी १:३०

दोरा जमत नसेल तर सोडा त्याचा नाद. दातांच्या फटीत घालायचे छोटे ब्रश मिळतात, बाटली धुवायच्या ब्रशसारखे पण काडीएवढे. ज्यांच्या फटी थोड्या रुंद आहेत त्यांना ते दोऱ्यापेक्षा सोपे आणि बरेचदा जास्त उपयोगी. आकार वेगवेगळे असतात, फटीत किंचित घट्ट बसेल तो घ्या, जबरदस्तीने घुसवू नका. साधा ब्रश दोन दातांच्या मधल्या भिंतींपर्यंत पोचतच नाही, मग तो हाताचा असो की विजेचा.

जिभेचं कुणीच विचारलं नाही. तोंडाला वास येतो त्यात जिभेच्या मागच्या भागाचा मोठा वाटा असतो. तिथले जंतू गंधकाचे वायू सोडतात. मागून पुढे हलक्या हाताने दोन-तीनदा पट्टी ओढायची. रक्त येईपर्यंत खरवडू नका!

---

खवचट | गुरुवार, रात्री ११:०५

विनोद करणार नव्हतो, पण एक गंभीर शंका. सकाळी न्याहारीच्या आधी घासायचे की नंतर? आमच्या घरात यावर दोन तट आहेत आणि सासूबाई दोन्हींकडे आहेत.

---

कृष्णविवर | शुक्रवार, सकाळी ७:१०

मी आधीच्या तटातला. रात्रभर साचलेला थर निघतो आणि फ्लोराइडचा हात फिरतो, मग खा. नंतर घासायचे असतील तर निदान अर्धा तास थांबा. आंबट काही खाल्लं-प्यायलं असेल तर नक्कीच थांबा, कारण आम्लाने कवचाचा वरचा पापुद्रा मऊ झालेला असतो आणि त्याच वेळी ब्रश मारला तर तो झिजतो. उलटी झाल्यावरही तेच. साध्या पाण्याने चूळ भरा आणि थांबा. सासूबाईंना नमस्कार.

---

पानगळ | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:२०

धागा काढून मीच गायब झाले, माफी असावी.

आधी कबुली. पहिले तीन-चार दिवस हिरडीच्या कडेला ब्रश टेकवला की भळाभळा रक्त. दोनदा वाटलं, हे काहीतरी चुकतंय, सोडून द्यावं. लो साहेबांचे ते बारा जण आठवले म्हणून रेटलं. आठव्या-नवव्या दिवशी थुंकी स्वच्छ. मधे क्लिनिंगही करून घेतलं, कारण जे किटण होऊन घट्ट बसलंय ते ब्रशने निघत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं.

सगळ्यात अवघड काय गेलं सांगू? क्रम बदलणं. हात आपला जुन्या वाटेने पुढच्या दातांवर धावायचा. शेवटी एक युक्ती केली. सुरुवातच खालच्या दातांच्या आतल्या बाजूने करायची, जिथे चाळीस वर्षं गेलेच नव्हते. पुढचे दात सगळ्यात शेवटी. ते कसेही घासले जातातच.

आज ती रंगाची गोळी पुन्हा चघळली. (ओठांना आधी व्हॅसलीन लावा, मागच्या वेळी संध्याकाळपर्यंत जांभळे ओठ घेऊन फिरत होते.) समासाची रेघ गेली. पटाशीची आतली बाजू साफ, एका ठिकाणी जरासं गुलाबी. पण वरची डावी शेवटची दाढ, गालाकडची बाजू, होती तश्शी. जांभळी. मी जबडा दुखेपर्यंत "आ" करते, तरी ब्रशचं डोकं तिथे शिरत नाही. गाल घट्ट होऊन आडवा येतो. @कृष्णविवर, आता काय करू?

---

कृष्णविवर | रविवार, रात्री ९:४८

"आ" करता तिथेच घोळ आहे. तोंड पूर्ण उघडलं की खालच्या जबड्याचं हाड पुढे सरकून नेमकं त्या दाढेच्या बाहेरची जागा अडवतं. तोंड जवळजवळ मिटा, दातांत बोटभर फट ठेवा. खालचा जबडा थोडा डावीकडे सरकवा. आता ब्रश गालाच्या आतून मागे न्या.

---

पानगळ | रविवार, रात्री ९:५५

आत्ता उठून करून पाहिलं. घुसला की हो!